बंद पडण्याचा वेळ धरून

१७ मे. सकाळची दळणं उरकली, चक्कीचा मेन स्विच खाली केला आणि शेडमध्येच रिकाम्या पोत्यांवर मोटरसायकलची टाकी उतरवून ठेवली. काम फार नाही. सीट काढायची, मागचा बोल्ट सोडायचा, पेट्रोलच्या नळीचा चाप दाबून ती ओढायची, वायरचं सॉकेट वेगळं करायचं. फक्त भरलेली टाकी जड असते, आणि ही गळ्यापर्यंत भरलेली होती. वर्षभर तशीच होती.

आज ती रिकामी करून आतला पंप पाहायचा आहे. उद्या सकाळी सुधाकरभाऊजींना यवतमाळला डायलिसिसला न्यायचं आहे, पहिल्यांदाच. सुधाकर माझा धाकटा दीर. गेल्या वर्षी याच महिन्यात, याच गाडीवर, याच कामासाठी मी त्याच्या मोठ्या भावाला नेत होते. विनायकला, माझ्या नवऱ्याला. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणत असे. लिहिताना नाव सोपं पडतं. तो आता नाही.

पेट्रोल कॅनमध्ये सोडलं तेव्हा आधी रंग दिसला. उकळून उकळून काळा केलेल्या चहाचा. वासही पेट्रोलचा राहिला नव्हता, दारांना लावायच्या रोगणासारखा येत होता, आणि तळाशी पाणी साचून वेगळं झालं होतं. पेट्रोल शिळं होतं हे आमच्याकडे पुष्कळांना माहीत नाही. शिळं होण्याइतकं ते कुणाच्या टाकीत उरतच नाही.

मे महिना आमच्या चक्कीच्या धंद्याचा. उडदाच्या पापडाचं पीठ, कुरडयांचा गहू, तुरीची डाळ. बायका पहाटेच डबे आणून रांगेत ठेवतात आणि ऊन चढायच्या आत घरी पळतात. उन्हाचं कौतुक आम्ही करत नाही. शेतात उपटलेल्या पऱ्हाटीचे, कपाशीच्या वाळल्या झाडांचे ढीग, नांगरून टाकलेली काळी ढेकळं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पान नसलेला साग. घराघरांतून कुलरची घरघर आणि त्याच्या ओल्या गवताचा वास. दुपारी चक्कीच्या पत्र्याखाली उभं राहिलं की अंगावर पीठ बसतं, त्यावर घाम, आणि संध्याकाळपर्यंत त्याची पापडी धरते. मला या महिन्याबद्दल कधी काही वाटलं नव्हतं. गेल्या वर्षीपासून वाटतं. नांगरलेल्या मातीवरून गरम वारा आला की माझी जीभ टाळूला चिकटते, आणि ती तहान माझी नसते.

विनायकला पाणी मोजून होतं. मूत्रपिंडं गेली की प्यालेलं पाणी अंगातच राहतं, पाय सुजतात, छाती भरते. म्हणून डॉक्टरांनी दिवसाचं माप ठरवून दिलं होतं. यवतमाळच्या उन्हात ते माप पाळायचं म्हणजे काय, ते माप देणाऱ्यालाही कळत असणार. त्याचा इलाज नव्हता. विनायक बाटलीच्या झाकणाने पाणी प्यायचा. झाकण भरायचं, ओठाशी न्यायचं, थांबायचं, मग प्यायचं. मी त्याच्यासमोर पाणी पिणं सोडलं. एकदा चक्कीच्या मागे जाऊन तांब्या तोंडाला लावला तर तो खाटेवरून ओरडला, "पे वं, पे. आवाज येते तुह्या गळ्याचा अथपर्यंत."

गाडीने जाण्याला कारण होतं. त्याच्या डाव्या हाताची नस डायलिसिससाठी तयार केलेली होती, त्या हाताला धक्का लागू द्यायचा नव्हता. लग्नसराईतली एसटी आणि काळीपिवळी जीप कशी भरते ते सांगायला नको. गाडीवर निदान मागे कुणी टेकत नाही. परत येताना तो इतका गळून जायचा की मी त्याचा दुपट्टा त्याच्या पाठीमागून घेऊन माझ्या पोटावर गाठ मारायची. पहिल्यांदा बांधलं तेव्हा म्हणाला, "लग्नात बांधली होती भटजीनं गाठ. तवा इतकी टाइट नव्हती." गाव जवळ आलं की मात्र गाठ सोडायला लावायचा. लोकांनी पाहू नये म्हणून.

आणि त्या मे महिन्यात गाडी बंद पडायला लागली.

पहिल्यांदा पडली ती यवतमाळच्या अलीकडच्या चढाला. सकाळी आठ-साडेआठचं ऊन, पण मे महिन्यातलं. चढ सुरू झाला आणि गाडीने दोन हिसके दिले, मग आवाजच गेला. उतारावरून मागे येऊ दिली आणि पायथ्याच्या कडुनिंबाखाली उभी केली.

"काय झालं वं?"

"बंद पडली."

"पेट्रोल?"

"हाये. तुमीच तं ओतली बाटली सकाळी."

चावी फिरवली. या गाड्यांना चावी फिरवली की टाकीतून थोडा वेळ गुंss असा आवाज येतो. तो पंप असतो, इंजिनाकडे पेट्रोल ढकलणारा. तो आवाज आला नाही. पुन्हा फिरवली. नाहीच. विनायक कडुनिंबाच्या मुळावर बसला होता, चपला काढून.

"तिलेबी डॉक्टरनं मोजून सांगतलं असन," तो म्हणाला.

"गप बसा."

"मंग आज राहू दे का? जाऊ वापस."

"बंद गाडीवर वापस तरी कशी जाईन?"

"हे बी खरंच हाये म्हना," तो म्हणाला आणि पाठ झाडाला टेकली.

थोड्या वेळाने पंप गार झाला असावा. चावी फिरवली तर गुंss आला, गाडी सुरू झाली, आम्ही पोचलो. पुढच्या वेळी पुन्हा तिथेच. मग आम्ही बंद पडण्याचा वेळ धरूनच घरून निघू लागलो. मंदा, माझी जाऊ, सुधाकरची बायको, विचारायची की इतक्या लवकर काहून निघता जी. मी सांगायची की चढाला गाडी बसते घटकाभर. जसं काही गाडीच म्हातारी होती आणि तिला दम लागत होता.

त्या झाडाखाली तो बोलायचा. घरी बोलायचं त्याने सोडलं होतं. घरी खाट, कुलर, आणि भिंतीकडे तोंड. झाडाखाली बसला की सुरू. आमच्या लग्नात वरातीची बस बंद पडली होती आणि त्याच्या मामाने ड्रायव्हरला धोतराचा पट्टा करून दिला होता, ही गोष्ट मी लग्नाला इतकी वर्षं होऊन पहिल्यांदा तिथे ऐकली. खरी असेलच असं नाही. हिरव्या लिंबोळ्या गोळा करून तो रस्त्यापलीकडच्या किलोमीटरच्या दगडावर नेम धरायचा, चांगल्या हाताने. लागली तर माझ्याकडे पाहायचा. मी घड्याळाकडे पाहत असायची.

ही गाडी बंद का पडते याचं उत्तर आमच्याच घरात, चक्कीच्या दारामागे, खिळ्याला टांगलेलं होतं. पेट्रोलच्या बाटल्या. आमच्या गावात कुणी टाकी भरत नाही. गाडी दारात उभी असली की ती मागायला येणारच. कुणाला दारव्ह्याच्या बाजाराला जायचं असतं, कुणाच्या साळ्याला स्टँडवरून आणायचं असतं, आणि लग्नसराईत तर विचारू नका. नाही म्हणता येत नाही. उद्या आपल्यालाही काही मागायचंच असतं. म्हणून टाकी कोरडी ठेवायची. कुणी आलं की खुशाल चावी द्यायची, "ने ना बाप्पा, पण पेट्रोल नाई तिच्यात." अर्धे तिथूनच परततात. आपल्याला जायचं असलं की दारामागची बाटली काढायची, लागेल तेवढं ओतायचं. खोटं बोलणं नाही, भांडण नाही. विनायकच्या वडिलांनी जुन्या गाडीवर हेच केलं, आणि नवी गाडी घेतल्यावर विनायकनेही तेच. सगळ्या गावाने तेच.

दारव्ह्याच्या बब्बूभाईंनी पंप उघडून पाहिला तेव्हा हे सगळं एका वाक्यात निघालं. बब्बूभाई आमचे नेहमीचे मेकॅनिक. तोंडाने हाताच्या दुप्पट काम करणारे. टाकी उलटी करून त्यांनी खालची गोल प्लेट सोडली आणि पंप बाहेर काढला. जाळी तपकिरी, पंपाच्या अंगावर भाजल्याचे डाग.

"भाभी, हा तं शिजला. टाकीत पेट्रोल किती ठेवता?"

"बाटलीभर."

"मंग झालं. हा पंप पेट्रोलात बुडेल पायजे. त्याच्यातच थंडा होते तो. जुन्या गाडीले पंप नव्हता, कॉक होता, रिझर्व होता, चालून जाय. हिले कॉक दिसते का तुमाले कुठं? तुमच्या गावच्या हर गाडीचा हाच रोना हाये."

"अन् टाकी भरली तं हर नवरदेव माह्याच गाडीवर जाईन," विनायक म्हणाला. तो बाकड्यावर बसला होता, सुजलेले पाय पुढे टाकून.

"जाऊ द्या ना भाऊ. नवरदेव एकडाव जाते. पंप हरसाल जाईन."

कंपनीचा पंप घ्यायचा तर अख्खा संच घ्यावा लागतो आणि तो मागवावा लागतो. बब्बूभाई म्हणाले, वाट पाहाल तं पोळा उजाडन. त्यापेक्षा बाहेरचा टाकू, जरा मोठा, वरच्या मॉडेलच्या गाडीला बसतो तो. याच पंपाच्या खोबणीत बसवून देतो. "हवेत उडन गाडी," ते म्हणाले. आम्हाला हवेत उडायचं नव्हतं, चढ चढायचा होता. पण चढायचा होता हे खरं. बसवा म्हटलं.

गाडी उडाली. चढ असा चढली की विनायकने मागून माझा खांदा धरला. पण मागे काळा धूर, पेट्रोलचा उग्र वास, आणि जाग्यावर उभी असताना भकभक. वास त्याच्या कपड्यांत बसला. आधीच त्याला अन्नाचा वास सोसत नव्हता. आता गाडीवरून उतरल्या उतरल्या दवाखान्याच्या फाटकाशी ओकायचा. ओकण्यात पाणी जातं, तेवढं पाणी मग प्यायला मिळेल का, असं त्याने तिथल्या सिस्टरला विचारलं. ती नवी होती. ती रडली. मी तिला म्हटलं, अहो, तुम्ही सुई लावा.

पुन्हा बब्बूभाई. त्यांनी प्लग काढून पाहिला, काजळीने काळा. मग कपाळावर हात मारला.

"रेग्युलेटर! अबे, रेग्युलेटर तं जुनाच हाये." आणि मग आम्हाला समजावून सांगितलं, जसं काही विसरलो होतो आम्ही. "पंपाचं काम जोर लावणं. रेग्युलेटर म्हणते, बस, इंजिनाले एवढंच. उरलं थे वापस टाकीत. आता पंप झाला पहेलवान अन् रेग्युलेटर बुढा. कोण आयकते त्याचं?"

"असाच एक माह्या पोटात बसवून दे ना बाप्पा," विनायक म्हणाला. "पाणी प्यावं मनमुराद, अन् उरलं थे वापस."

बब्बूभाई मोठ्याने हसले, शेजारच्या चहावाल्याला सांगायला वळले, आणि मग त्यांचं लक्ष विनायकच्या हातावर बांधलेल्या पट्टीकडे गेलं. हसणं तिथेच थांबलं. त्यांच्या थोरल्या भावालाही तेच होतं, ते आम्हाला नंतर कळलं. तेव्हा ते फक्त म्हणाले, "भाऊ, चहा घ्या," आणि मग, "नाई, राहू द्या. चहा नोका घेऊ."

रेग्युलेटर नागपूरहून बसच्या पार्सलने आला. बोटाच्या पेराएवढी पितळी वस्तू, आत स्प्रिंग आणि पडदा. मी चक्कीवाली आहे. पट्टा, बेअरिंग, जात्याचे दगड छिन्नीने खरखरीत करणं हे माझं रोजचं. जोर लावणाऱ्या भागापेक्षा थोपवणारा भाग लहान असतो आणि तोच बिघडला की सगळं बिघडतं, हे मला नवीन नव्हतं. बब्बूभाईंनी तो बसवला, रबरी रिंग नवी टाकली, प्लेट आवळली. मी शेजारी उभी राहून पाहून घेतलं. पुढे कधी लागलं तर. घरी येताना पेट्रोल पंपावर थांबून टाकी अर्धी भरून घेतली. दारामागच्या बाटल्या मी त्या संध्याकाळी भंगारात दिल्या.

त्यानंतर गाडी एकदाही बंद पडली नाही.

मला हे काम नीट झाल्याचं समाधान होतं. त्या महिन्यात नीट झालेलं ते एकच काम होतं. डॉक्टर सांगायचे ते आकडे वर जायचे ते खाली येत नव्हते, सूज उतरायची ती तिसऱ्या दिवशी परत चढायची. गावात प्यायच्या पाण्याची मशीन बसली होती, नाणं टाकलं की कॅन भरतं. पण आम्ही लहानपणापासून ज्या हातपंपाचं मूत्रपिंडं खाणारं पाणी प्यालो ते पोटातून काढायची मशीन कुठे मिळते? असा आजार गावात कुणाला झाला म्हटलं की आता कुणी 'कसा काय' विचारत नाही. 'कवापासून' विचारतात. एवढं सगळं हाताबाहेर असताना चावी फिरवली की गुंss आवाज येणं, एका सुरात, दर वेळी, याला माझ्या लेखी किंमत होती. आहे.

गाडी बंद पडेनाशी झाली म्हणून आम्ही उशिरा निघू लागलो. तरी लवकर पोचायचो आणि दवाखान्याच्या पडवीत बसून नंबराची वाट पाहायचो. पडवीत तो बोलायचा नाही. कडुनिंब यायचा आणि मागे जायचा. मान वळवून तो झाडाकडे पाहतो हे मला आरशात दिसायचं. ऊन चुकवतो असं मला वाटलं.

एका सकाळी, महिना संपता संपता, मी पेट्रोल पंपावर जाऊन टाकी पूर्ण भरून आणली. त्या दिवशी दवाखान्यातून पुढे त्याच्या बहिणीकडे राळेगावला जायचं ठरलं होतं, लांबची फेरी होती. गाडी दारात लावली, चालूच ठेवली. तो खाटेवर बसलेला, आंघोळ झालेली, धुतलेला सदरा, दुपट्टा मांडीवर घडी करून.

"चला. गाडी चालू हाये."

"मी नाई येत, शोभा."

"बहिणीकडं नाई का?"

"कुठंच नाई. दवाखान्यातबी नाई आता."

मी गाडी बंद केली. आत येऊन बसले. मी समजावणारी बाई नाही, पण त्या दिवशी जे जे समजावता येतं ते समजावलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आधी बंद पडे तवा बरं होतं वं. निंबाखाली बसाले भेटे. वाटे, आज चालूच नाई झाली तं? आज नाई जाणं झालं तं? तेवढ्यावर मी निघो घरून. आता थे थांबतच नाई. बसलो का दवाखाना, बसलो का दवाखाना."

मी म्हटलं, "तुमी सांगतलं असतं तं थांबवली असती."

"चालू गाडी कोन थांबवते?" तो म्हणाला.

मी उठून चावी दारातल्या खिळ्याला टांगली. गाडी दुरुस्त केली ते बरोबरच केलं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. बंद पडणाऱ्या गाडीवर आजारी माणसाला न्यायचं नसतं. एवढं सगळं बरोबर असूनही ती सकाळ जशी झाली तशीच झाली. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की डायलिसिस थांबवलं तर फार दिवस नसतात. नव्हते. पेरणीला तिफण बाहेर निघण्याआधी सगळं संपलं. शेवटच्या दिवसांत मी त्याला तांब्याने पाणी दिलं, मागेल तेवढं. एकदाच तो तांब्याभर प्याला. मग झाकणानेच मागायचा. सवय झाली होती.

आज जे शिळं पेट्रोल मी कॅनमध्ये सोडलं ते त्या सकाळचं. टाकी काठोकाठ भरलेली, गाडी शेडमध्ये उभी, दारात चावी टांगलेली, आणि वर्षभरात एकाही माणसाने ती मागितली नाही. लग्नसराई येऊन गेली, बाजार भरले, साळे आले-गेले. 'दवाखान्याची गाडी' असं तिचं नाव पडलं होतं; तिच्यावर नवरदेव कोण बसवील? बिचाऱ्या विनायकने एवढी वर्षं टाकी कोरडी ठेवली ती कुणी गाडी नेऊ नये म्हणून.

दुपारी मंदा चक्कीत आली. मी पंप बाहेर काढून जाळी नव्या पेट्रोलने धूत होते. ती शेजारी पोत्यावर बसली. पदराने नाक धरलं, मग सोडलं.

"होते का जी चालू?"

"पाहू."

"नाई झाली तं काळीपिवळीनं जाऊ ना आमी. तुमाले कायले तरास."

"त्याच्याबी नस केलेल्या हाताले धक्का लागला तं उद्या दुसरा हात फाडतीन. बस गप."

मंदाचं गप बसणं फार टिकत नाही.

"बाई, एक विचारू? यानं बरं होते का माणूस?"

तिला सगळ्यांनी सांगितलं असणार. होईन बरं, देव हाये, डॉक्टर चांगला हाये. ती माझ्याकडे आली होती कारण मी तसं म्हणणार नाही हे तिला माहीत होतं, आणि तरी मी तसं म्हणावं म्हणून आली होती.

"नाई," मी म्हटलं. "बरं नाई होत. चालत राह्यते."

"कवापर्यंत?"

"थो जालोक दवाखान्यात जाईन तालोक."

तिने मान हलवली. मग उठली, चक्कीतला झाडू घेतला आणि कालचं सांडलेलं पीठ झाडायला लागली, नीट, कोपऱ्यापासून. मी तिला थांबवलं नाही. तिला हाताला काम पाहिजे होतं. मलाही.

जाळी धुतली, रेग्युलेटर कापडाने पुसला. पितळ अजून चकचकीत होतं. रबरी रिंग कडक झाली होती, ती बदलली. प्लेट आवळली, टाकी चढवली, नळी बसवली, सॉकेट लावलं, कॅनभर नवं पेट्रोल ओतलं. चावी हातात घेतली तेव्हा मनात आलं की आवाज न आला तर बरं. पंप जाम झालेला निघाला तर बब्बूभाई, मग पार्सल, मग आठवडा; तोवर त्यांचं ते पाहतील. त्या रस्त्याने पुन्हा जायला लागणार नाही. मागे बसलेल्या माणसाचा श्वास पाठीवर झेलायला लागणार नाही. हे मनात आलं ते आलं. चावी फिरवली.

गुंss.

मंदा झाडू घेऊन दारात उभी होती. "झाली जी!" ती म्हणाली. तिच्या तोंडावर जे आलं ते मी पाहिलं नाही, वळून सीट बसवली. शिळं पेट्रोल चक्कीच्या बेअरिंगा धुवायला ठेवून दिलं.

१८ मे. सकाळी मी टाकी पूर्ण भरून आणली आणि अंधुक असतानाच सुधाकरच्या दारात गाडी लावली. मंदा मागून एसटीने येणार होती. "इतक्या लवकर काहून जी?" तिने विचारलं. "बंद पडायचा वेळ धरावा लागते," मी म्हटलं. सुधाकर मागे बसला, सीटचं कडं धरून, माझ्यापासून अंतर ठेवून, दुपट्टा डोक्याला गुंडाळलेला. गावाबाहेर पडेपर्यंत तो ताठ होता. मग वाकला. गाडी एका सुरात चालली होती. सागाचं रान, नांगरलेली शेतं, पऱ्हाटीचे ढीग. चढ समोर दिसला तेव्हा मी गाडी कडेला घेतली, कडुनिंबाखाली आणली आणि चावी बंद केली.

"काय झालं, वहिनी?"

"बंद पडली."

"पेट्रोल नाई का?"

"हाये. गरम झाली असन."

अजून ऊन तापलेलंही नव्हतं. सुधाकर उतरला. गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चपला काढून मुळावर बसला, त्याच मुळावर. मग हळूच, ऐकू गेलं तर गेलं अशा आवाजात म्हणाला, "नाईच झाली चालू तं मंग आज राहीन ना, वहिनी?"

"पाहू," मी म्हटलं. "गार होऊ द्या."

तो झाडाला टेकला. खांदे खाली आले. इकडे तिकडे हात फिरवून त्याने एक हिरवी लिंबोळी उचलली, बोटांत फिरवली. बाटलीचं झाकण भरून मी त्याच्या हातात दिलं. तो ओठाशी नेऊन थांबला, मग प्याला. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. पाहिलं नाही तरी मला वेळ माहीत होती.

ती झाली तेव्हा उठले आणि चावी फिरवली. आवाज आला. त्यालाही ऐकू आला.

"बसा," मी म्हटलं. आम्ही चढाला लागलो.